किल्ली कोणाकडे? बिटकॉइनची मालकी, राखण आणि वारसा यांचा छोटा इतिहास

#थ्रेड #इतिहास #मराठी

१/
२७ नोव्हेंबर २०१८. जेराल्ड कॉटन या तीस वर्षांच्या कॅनेडियन व्यावसायिकाने मृत्युपत्रावर सही केली. त्यात त्यांच्या दोन चिवावा कुत्र्यांच्या देखभालीसाठी एक लाख डॉलरची तरतूदही होती. बाराच दिवसांनी, ९ डिसेंबरला, भारताच्या प्रवासात असताना जयपूर येथे त्यांचे निधन झाले. मागे उरले त्यांचे ‘क्वाड्रिगासीएक्स’ हे क्रिप्टोचलनाचे एक्स्चेंज, त्यात पैसे गुंतवलेले हजारो ग्राहक आणि एक कुलूपबंद लॅपटॉप. त्याचा पासवर्ड आपल्याला ठाऊक नाही, असे त्यांच्या पत्नीने न्यायालयाला प्रतिज्ञापत्रावर सांगितले.

२/
या घटनेचे खरे स्वरूप पुढे निराळेच निघाले. त्याकडे नंतर येऊ. परंतु तिने विचारलेला प्रश्न फार जुना आहे. धन कोणाचे, ते कोणी राखायचे आणि धनी गेल्यावर ते कोणाच्या हाती जायचे? जमीन, सोने आणि ठेवी यांच्याबाबत समाजाने शतकानुशतके खपून या प्रश्नाची उत्तरे घडवली. क्रिप्टोचलन बाळगणाऱ्यांना तीच उत्तरे अवघ्या पंधरा-सोळा वर्षांत नव्याने शोधावी लागली. हा त्या शोधाचा इतिहास आहे.

३/
आरंभ ३१ ऑक्टोबर २००८ रोजी होतो. जागतिक आर्थिक संकट ऐन भरात असताना ‘सातोशी नाकामोतो’ या टोपणनावाने नऊ पानांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. पैसे देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये बँकेसारखा विश्वासू मध्यस्थ असण्याची गरज नाही, हा त्याचा गाभा होता. ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनच्या खातेवहीचे पहिले पान तयार झाले. बँकांना सरकार दुसऱ्यांदा वाचवण्याच्या बेतात असल्याचा त्या दिवशीच्या लंडनच्या ‘द टाइम्स’चा मथळा त्या पानात कायमचा कोरलेला आहे.

४/
बिटकॉइनचा मालक नेमके काय बाळगतो? नाणे नाही, नोट नाही, कोणत्याही पेढीतले खातेही नाही. जगभरातील हजारो संगणकांवर एकच सार्वजनिक खातेवही ठेवलेली असते. तिच्यातील प्रत्येक रक्कम एका पत्त्याशी बांधलेली असते आणि ती हलवण्यासाठी एक गुप्त संख्या लागते. ही संख्या सुमारे ७८ अंकी असू शकते. तिलाच खासगी किल्ली म्हणतात. जो ती जाणतो तो रक्कम खर्च करू शकतो. त्याचे नाव काय, तो कोणाचा कोण, त्याच्याकडे न्यायालयाचा आदेश आहे की नाही, याची खातेवही चौकशी करत नाही.

५/
या व्यवस्थेचे वेगळेपण ध्यानात येण्यासाठी बँकेकडे पाहावे. खातेदार वारला तरी खाते उरते. मृत्यूचा दाखला, नामनिर्देशन, वारस प्रमाणपत्र असा कंटाळवाणा पण ठाऊक असलेला रस्ता वारसापुढे असतो. भारतात दहा वर्षे कोणी न विचारलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जातात आणि त्यानंतरही त्यांवर हक्क सांगता येतो. अशा ठेवी शोधण्यासाठी २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळही सुरू झाले. बँकेच्या खिडकीमागचा माणूस हेलपाटे घालायला लावतो, पण त्याला विचारता येते. बिटकॉइनने हा माणूस वगळला. त्याच्या लहरीपासून सुटका झाली आणि वारसाला कपाट उघडून देऊ शकणारा हातही त्याच्याबरोबर गेला.

६/
सुरुवातीला याची कोणाला चिंता वाटली नाही, कारण त्या नाण्यांना किंमतच नव्हती. १२ जानेवारी २००९ रोजी नाकामोतोकडून १० बिटकॉइन मिळालेले हॅल फिनी हे कॅलिफोर्नियातील अनुभवी संगणकतज्ज्ञ होते. त्यांनी आपल्या संगणकावर काही दिवस नवी नाणी मिळवली आणि मग ते काम बंद केले. संगणक तापत होता आणि पंख्याच्या आवाजाचा त्रास होत होता, एवढेच त्याचे कारण. २२ मे २०१० रोजी फ्लोरिडातील एका प्रोग्रामरने दोन पिझ्झांसाठी १०,००० बिटकॉइन मोजले, तेव्हा त्यांची किंमत जेमतेम चाळीस डॉलर होती.

७/
त्या काळी किल्ल्या संगणकातील एका साध्या फाइलमध्ये असत. तिची प्रत काढून ठेवली की काम झाले, असा समज होता. ऑगस्ट २०१० मध्ये तो एका वापरकर्त्याला महागात पडला. त्याच्याकडे ९,००० बिटकॉइन होते. त्यांपैकी एक त्याने स्वतःलाच पाठवून पाहिला. बिटकॉइनचा व्यवहार नोट मोडल्यासारखा असतो: सबंध रक्कम खर्ची पडते आणि उरलेली मोड नव्या पत्त्यावर परत येते. त्याची ८,९९९ नाण्यांची मोड अशाच नव्या पत्त्यावर गेली. जपून ठेवलेल्या प्रतीत जुनीच किल्ली होती. नवी किल्ली संगणक बंद होताच नाहीशी झाली.

८/
२०११ मध्ये किंमत वाढली आणि चोर आले. जून महिन्यात एका वापरकर्त्याच्या संगणकातून २५,००० बिटकॉइन चोरीला गेले. तोवर मूळ सॉफ्टवेअरमधील किल्ल्यांच्या फाइलला पासवर्डचे कुलूपही नव्हते. ते त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आले. या कुलपाने राखणीचा प्रश्न सोडवला आणि विस्मरणाचा निर्माण केला. पासवर्ड विसरलेला मालक आणि परका चोर यांच्यात फरक करण्याचे कोणतेही साधन या व्यवस्थेपाशी नव्हते. दोघांनाही दार सारखेच बंद होते.

९/
याची सर्वांत प्रसिद्ध उदाहरणे दोन. वेल्समधील न्यूपोर्ट शहराचे रहिवासी जेम्स हॉवेल्स यांनी २००९ मध्ये मिळवलेल्या सुमारे ८,००० बिटकॉइनची किल्ली एका हार्ड डिस्कवर होती. २०१३ मध्ये घर आवरताना ती डिस्क कचऱ्यात गेली आणि तिथून शहराच्या कचरा डेपोत. तो उकरण्याची परवानगी मिळावी म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे प्रयत्न केले. नगर परिषदेने ती नाकारली. अखेर जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. बारा वर्षे खातेवहीत ती रक्कम जशीच्या तशी दिसत राहिली.

१०/
दुसरे उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोतील प्रोग्रामर स्टेफान थॉमस यांचे. बिटकॉइन म्हणजे काय हे समजावणारी चित्रफीत केल्याबद्दल २०११ मध्ये त्यांना मोबदला म्हणून मिळालेल्या ७,००२ बिटकॉइनच्या किल्ल्या एका सुरक्षित पेनड्राइव्हवर होत्या. पासवर्ड लिहिलेला कागद हरवला. ते उपकरण दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर आतील माहिती कायमची मिटवते. जानेवारी २०२१ मध्ये ही हकीकत जगापुढे आली, तेव्हा त्यांचे आठ प्रयत्न संपलेले होते.

११/
ही दोनच माणसे दुर्दैवी होती असे नाही. ‘चेनॲनालिसिस’ या संस्थेच्या अंदाजानुसार २०२१ च्या आरंभी अस्तित्वात असलेल्या १ कोटी ८५ लाख बिटकॉइनपैकी सुमारे २० टक्के हरवलेल्या किंवा अडकून पडलेल्या अवस्थेत होते. आजोबांनी पुरलेला हंडा नातवाला सापडला नाही, तरी तो कधीतरी कोणाच्या नांगराला लागतो. धन कुळातून गेले तरी जगात राहते. किल्ली हरवलेला बिटकॉइन मात्र कोणालाच सापडत नाही. तो कुठे आहे हे सगळ्या जगाला दिसते आणि त्याला हात कोणाचाच लागत नाही.

१२/
ही जोखीम नको म्हणून पुष्कळांनी किल्ल्या सांभाळण्याचे काम एक्स्चेंजकडे सोपवले. नाव-पासवर्ड टाकावा आणि शिल्लक पाहावी. पासवर्ड विसरला तर नवा मागून घ्यावा. ज्या मध्यस्थाला वगळण्यासाठी हे चलन निघाले होते, तो मागच्या दाराने परत आला. त्यांपैकी सर्वांत मोठा होता टोकियोतील ‘माउंट गॉक्स’. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्याने दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा सुमारे ८,५०,००० बिटकॉइन नाहीसे झाल्याचे उघड झाले. त्यांपैकी सुमारे २,००,००० पुढे एका जुन्या वॉलेटमध्ये सापडले. बिटकॉइनच्या रूपातील परतफेड सुरू व्हायला जुलै २०२४ उजाडले.

१३/
या अनुभवातून एक घोषवाक्य रूढ झाले: किल्ली तुमची नसेल, तर नाणेही तुमचे नाही. पण ७८ अंकी संख्या सामान्य माणसाने कशी सांभाळायची? २०१३ मध्ये त्यावर एक तोडगा मांडला गेला. २,०४८ साध्या शब्दांची एक यादी ठरवण्यात आली. तिच्यातील १२ किंवा २४ शब्द विशिष्ट क्रमाने लिहिले की त्यांतून सर्व किल्ल्या पुन्हा तयार करता येतात. या शब्दमालेला ‘सीड फ्रेज’ म्हणतात. २०१४ मध्ये प्राग येथील एका कंपनीचे ‘ट्रेझर’ हे किल्ल्या सांभाळणारे छोटे उपकरण बाजारात आले. उपकरण हरवले तरी शब्द शिल्लक असले की धन शिल्लक, ही व्यवस्था तेव्हापासून रुळली.

१४/
अशा रीतीने एकविसाव्या शतकातील सर्वांत आधुनिक संपत्ती कागदाच्या तुकड्यावर येऊन टेकली आणि तिच्याबरोबर घरगुती प्रश्न आले. कागद कुठे ठेवायचा? फोटो काढला तर फोनमधून फुटू शकतो. कपाटात ठेवला तर वाळवी, आग आणि पाणी आहेच. म्हणून काहीजण शब्द पोलादी पट्टीवर ठोकून घेतात. ताम्रपटांवरची दाने वाचणाऱ्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. फरक इतकाच की ताम्रपट चारचौघांत वाचून दाखवण्यासाठी असे. ही पट्टी कोणीही वाचू नये म्हणून दडवली जाते.

१५/
यात भाषेचीही एक अडचण आहे. या शब्दयाद्या इंग्रजी, जपानी, कोरियन, स्पॅनिश, चिनी, फ्रेंच, इटालियन, चेक आणि पोर्तुगीज भाषांत आहेत. त्यांत एकही भारतीय भाषा नाही. त्यामुळे मराठी घरातही हे शब्द बहुधा इंग्रजीतच लिहिले जातात. एकमेकांशी संबंध नसलेले बारा इंग्रजी शब्द लिहिलेला कागद घरातल्या आजीला मिळाला, तर ती तो नातवाचा शुद्धलेखनाचा गृहपाठ समजून रद्दीत टाकील. तिच्या लेखी तो निर्णय अगदी योग्यच असेल.

१६/
मग घरच्यांना सांगून का ठेवत नाहीत? कारण आपल्याकडे हे धन आहे, हे कळणेच धोक्याचे ठरले. वर उल्लेख केलेले फिनी २००९ मध्ये एएलएस या असाध्य विकाराने आजारी पडले. २०१४ मध्ये एका अज्ञात खंडणीखोराने त्यांच्या कुटुंबाकडे १,००० बिटकॉइन मागितले. पुढे त्यांच्या घरात खून झाल्याची खोटी खबर पोलिसांना दिली गेली. सशस्त्र पोलिसांनी घराला वेढा घातला आणि हालचाल करू न शकणाऱ्या त्या रुग्णाला बाहेर अंगणात आणावे लागले. त्यांच्याकडील बरीचशी नाणी उपचारांच्या खर्चात आधीच संपली होती.

१७/
२०२० मध्ये ‘लेजर’ या उपकरण विकणाऱ्या कंपनीच्या ग्राहकांची माहिती फुटली. २ लाख ७० हजारांहून अधिक लोकांची नावे, घरचे पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक इंटरनेटवर उघडे पडले. किल्ल्या सुरक्षित होत्या. किल्ल्या कोणाच्या घरी आहेत, हे मात्र चोरांना समजले. मौन ही पहिली राखण, असा धडा मालकांनी घेतला. पण वारशाची सुरुवात सांगण्यापासून होते. चोरापासून लपवलेले धन पत्नीपासून आणि मुलांपासूनही लपले.

१८/
या कोंडीतून वाट काढण्यासाठी गणिताची मदत घेतली गेली. इस्रायली गणितज्ञ आदी शमीर यांनी १९७९ मध्येच एक रीत मांडली होती: गुपिताचे असे तुकडे करावेत की ठरावीक संख्येइतके तुकडे एकत्र आले तरच ते उलगडावे, एक कमी पडला तर काहीच कळू नये. बिटकॉइनमध्येही तीनपैकी दोन किल्ल्यांची सही लागेल अशी सोय झाली. एक किल्ली स्वतःकडे, एक जोडीदाराकडे, एक वकिलाकडे किंवा बँकेच्या लॉकरमध्ये. मालक गेला तरी उरलेल्या दोन किल्ल्यांनी कुलूप उघडते. जोडीदार, वकील, बँक: ज्या माणसांवर विसंबायचे नाही असे ठरले होते, तीच माणसे आता किल्ल्यांचे वाटेकरी झाली.

१९/
आता पुन्हा कॉटन यांच्याकडे. लेखापरीक्षकांनी २०१९ मध्ये एक्स्चेंजच्या जुन्या पत्त्यांचा माग काढला, तेव्हा किल्ली नसल्याने अडकलेले म्हटले जाणारे ते वॉलेट कॉटन यांच्या मृत्यूच्या कित्येक महिने आधीपासूनच रिकामे असल्याचे दिसले. ऑन्टारियोच्या रोखे नियामकाने जून २०२० मध्ये अहवाल दिला. कॉटन यांनी ग्राहकांच्या पैशांवर स्वतःच व्यवहार करून ते घालवले होते आणि हा घोटाळा होता, असा त्याचा निष्कर्ष. ७६,००० हून अधिक ग्राहकांचे पैसे त्यात अडकले. तरीही ‘पासवर्ड त्यांच्याबरोबरच गेला’ ही गोष्ट सुरुवातीला जगाला पटली. ती पटण्याजोगी होती, हाच एक ऐतिहासिक पुरावा आहे: एका माणसाच्या मृत्यूने हजारोंचे धन कुलूपबंद होऊ शकते, हे तोवर सर्वांनी मान्य केले होते.

२०/
भारतात हा प्रश्न आणखी एका वळणाने आला. ६ एप्रिल २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांना क्रिप्टो व्यवसायांशी संबंध ठेवण्यास मनाई केली. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर लागू झाला आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून व्यवहारांवर १ टक्का कर कापला जाऊ लागला. सरकारने या मालमत्तेला चलन म्हणून मान्यता दिली नाही, पण तिच्यावर कर बसवला. साहजिकच ती घरोघरच्या हिशेबाच्या वहीत आली.

२१/
१८ जुलै २०२४ रोजी मुंबईस्थित ‘वझीरएक्स’ या एक्स्चेंजमधून २३ कोटी डॉलरहून अधिक किमतीचे क्रिप्टोचलन चोरीला गेले. ते ज्या वॉलेटमध्ये होते त्याला अनेक सह्या लागत. तरीही ते फुटले. सामान्य ग्राहकांचे व्यवहार वर्षाहून अधिक काळ थांबले. त्यातून उद्भवलेल्या एका प्रकरणात ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने क्रिप्टोचलन ही मालमत्ता असल्याचे म्हटले: ती बाळगता येते, तिचा उपभोग घेता येतो आणि ती विश्वस्त म्हणून सांभाळताही येते.

२२/
मालमत्ता म्हटली की वारसा आलाच. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला, पत्नीला, आईला जो वाटा दिला, तो या मालमत्तेतही आहे. धन एक्स्चेंजमध्ये असेल तर न्यायालय त्या कंपनीला आदेश देऊ शकते. पण किल्ली मृताच्याच जवळ असेल तर आदेश कोणाला द्यायचा? हक्क कायद्याने मिळतो, ताबा किल्लीने. इतर मालमत्तेत हे दोन्ही आज ना उद्या एकत्र आणता येतात. इथे ते कायमचे वेगळे राहू शकतात आणि त्याची झळ बहुधा घरातील अशा व्यक्तीला बसते, जिला व्यवहारात कधी सामील करून घेतले गेले नव्हते.

२३/
म्हणूनच फिनी यांची कहाणी तिच्या साधेपणामुळे लक्षात राहते. २०१० च्या अखेरीस त्यांनी जुने वॉलेट शोधून काढले आणि नाणी इंटरनेटपासून दूर असलेल्या वॉलेटमध्ये हलवली. मार्च २०१३ मध्ये शरीर जवळजवळ निश्चल झालेले असताना, डोळ्यांच्या हालचालींनी चालणाऱ्या यंत्राच्या साह्याने, त्यांनी एक लेख लिहिला. नाणी बँकेच्या लॉकरमध्ये आहेत, मुलगा आणि मुलगी दोघांनाही तंत्रज्ञान कळते, तेव्हा या वारशाबाबत मन निश्चिंत आहे, अशा आशयाची नोंद त्यात आहे. २८ ऑगस्ट २०१४ रोजी त्यांचे निधन झाले. बँकेची गरज संपवू पाहणाऱ्या चलनाच्या अगदी पहिल्या धारकांपैकी एकाने ते अखेर बँकेच्याच तिजोरीत आणि मुलांच्याच हाती सोपवले होते.

२४/
या सगळ्या अनुभवांतून वारसाला तीन गोष्टी कळाव्या लागतात, असे दिसते: धन आहे, किल्ली अमुक ठिकाणी आहे आणि ती अशी वापरायची. तिन्ही एकाच कागदावर लिहिल्या तर चोराचे फावते; एकही सांगितली नाही तर वारसाचे नुकसान होते. म्हणून जाणकार मालक त्या वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतात. धन आहे याची नोंद मृत्युपत्रात, शब्द लॉकरमध्ये आणि वापरण्याची रीत एखाद्या जाणत्या माणसाला शिकवलेली. मृत्युपत्रात शब्द लिहीत नाहीत, कारण ते पुढे न्यायालयात दाखल होऊन अनेकांच्या नजरेखालून जाऊ शकते.

२५/
आणि नाकामोतो? २०११ नंतर ती व्यक्ती, किंवा तो गट, या प्रकल्पातून नाहीसा झाला. आरंभीच्या काळात त्यांनी मिळवलेले बिटकॉइन अभ्यासकांच्या अंदाजाने दहा लाखांच्या आसपास आहेत आणि ते जवळजवळ जागचे हललेले नाहीत. मालक जिवंत असून गप्प आहे, किल्ली हरवून बसला आहे, की वारसाला काही न सांगता निवर्तला आहे? याचे उत्तर खातेवहीतून मिळत नाही. तिला तिन्ही स्थिती सारख्याच दिसतात.